खाप्याचा सिद्धा रस्ता

नागपुरात कुणालाही पत्ता विचारा, उत्तर एकच मिळतं: "सिद्धे जा." हात पुढे, मान किंचित तिरपी, आवाजात पुरता आत्मविश्वास. मग तो रस्ता पुढे डावीकडे वळो, उजवीकडे वळो, मध्ये बाजार लागो की तलाव, सांगणाऱ्याला त्याचं काही देणंघेणं नसतं. इतवारीत तर नवखा माणूस चक्रावूनच जातो. हातगाड्यांना चुकवत, भांड्यांच्या दुकानाशी वळून, पोत्यांच्या थप्प्यांमधून अंग चोरून तो एकदाचा पोचतो, तेव्हा त्याच्या लक्षात येतं की यात सिद्धं काहीच नव्हतं. पण नागपूरकराला विचारा, तो म्हणेल, सिद्धाच तर रस्ता होता.

मला हे फार उशिरा कळलं, कारण मी ज्या घरात वाढले तिथे सरळ म्हणजे खरोखर सरळ असायचं. बाबा रस्त्यांच्या खात्यात ड्राफ्ट्समन होते. नव्या रस्त्यांचे नकाशे काढायचे. सक्करदऱ्याच्या आमच्या दोन खोल्यांत भिंतीला टेकवलेला त्यांचा बोर्ड होता, त्यावर लाकडी टी-स्क्वेअर, आणि त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. मागच्या अंगणात मेथीचा वाफा करायचा तरी ते आधी दोरी लावत. आई म्हणायची, "तुह्या बाबाले रांगोळी काढाले सांगतली तं तेही पट्टीनं काढतीन." बाबा हसत नसत. त्यांना त्यात हसण्यासारखं काही वाटायचं नाही.

धम्मदीक्षा झाली तेव्हा मी इतकी लहान होते की आठवतात ती फक्त पांढरे कपडे घातलेली माणसं, बाबांच्या खांद्यावरून दिसलेली, नजर पोचेल तिथवर माणसंच माणसं. त्यानंतर घरातले जुने देव गेले आणि बाबांचं सारं लक्ष माझ्या पाटीवर आलं. माझा रस्ता त्यांनी तेव्हाच आखून टाकला असावा. मॅट्रिक, मग बी.एस्सी., मग गणितात एम.एस्सी., मग कॉलेजात प्रोफेसर. "मधात कुठी थांबाचं नाही," ते म्हणायचे. मी थांबलेही नाही. गणित मला आवडायचं, आणि बाबा मला त्याहून जास्त आवडायचे.

आणि एम.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी एका पेपरात मी सपशेल आपटले.

घरात सुतकासारखी शांतता पसरली. पुन्हा परीक्षा द्यायची हे ठरलेलंच होतं, पण मधले महिने नुसतं बसून राहायचं माझ्या जिवावर आलं. तेवढ्यात खाप्याच्या मुलींच्या शाळेत रजेच्या जागेवर गणिताच्या बाई हव्यात असं कळलं. जानेवारी ते एप्रिल. मी विचारलं तेव्हा बाबांच्या हातातली पेन्सिल थांबली.

"खापा? दुसरी जागा नाही का कुठी?"

"नाही."

त्यांनी बोर्डावरचा टी-स्क्वेअर सरळ केला. "एप्रिलपर्यंत," ते म्हणाले. "मंग सिद्धी घरी. आन् परीक्षा." मी हो म्हटलं. त्यांना खाप्याचं काय खटकलं ते मी विचारलं नाही. बाबांना कारणं विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

पहिल्या दिवशी सावनेरवरून एस.टी.नं खाप्याला उतरले. कडक इस्त्रीची साडी, नवी चप्पल, हातात पिशवी. स्टँडवरच्या चहावाल्याला शाळा विचारली. त्यानं हात पुढे केला. "सिद्धी निघून जा वं बाई. शाळाच लागते."

मी निघाले. थोडं पुढे एका पिठाच्या चक्कीपाशी रस्ता डावीकडे वळला. समोर एक पायवाट उतरत होती. आता, सिद्धं म्हणजे कुठलं? दुसऱ्या कुणीही रस्त्याबरोबर वळलं असतं. मी ड्राफ्ट्समनची लेक. मी नाकासमोर उतरले. बाभळीच्या काट्यांतून, उकिरड्यांच्या कडेनं, घसरत, साडी सावरत मी जी खाली आले ती थेट कन्हान नदीच्या पात्रात.

नदी अर्धीअधिक आटलेली होती. पाण्याची धार पलीकडच्या काठाला चिकटून वाहत होती आणि अलीकडे रेतीचं मैदानच मैदान. त्या रेतीत माणसं खड्डे खणत होती. रांगेनं, पण बाबांच्या रांगा नव्हेत, पाण्याच्या ओलीच्या मागे मागे जाणाऱ्या वाकड्यातिकड्या रांगा. जवळच एक बाई शेणखतानं काळे झालेले हात घेऊन बसली होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कोन वं तू? इकडे कायले आली?"

"शाळेत जायचंय," मी म्हटलं. "त्यांनी सिद्धं सांगितलं."

तिनं माझ्या साडीकडे पाहिलं, रेतीनं भरलेल्या चपलेकडे पाहिलं, मी उतरले त्या चढाकडे पाहिलं. मग अगदी मनापासून विचारलं, "पन रस्ता वळला तं तू काहून नाही वळली?"

मी चपलेतली रेती झटकायला लागले. माझा चेहरा बघून ती हसायला लागली, आणि मग तिनं पात्रभर ओरडून सांगितलं, "व माय! मास्तरीनबाई सिद्धी नदीत आली!" पात्रभर हशा पिकला. राग यायला हवा होता. मी तापट आहे, अजूनही आहे. पण मीही हसले. त्या दिवसापासून खाप्यात माझं नाव पडलं नदीवाली बाई, आणि मी तिला मावशी म्हणू लागले.

जाण्याआधी तिनं एक ओलं फडकं उलगडून दाखवलं. आत मोड आलेल्या बिया होत्या, एकेकीला पांढरं इवलं टोक फुटलेलं.

"याचं डांगर होईन," ती म्हणाली. डांगर म्हणजे आमच्याकडे खरबूज.

"रेतीत?"

"रेतीत नाही तं का तुया डोक्यावर?"

शाळेत मी उशिरा पोचले. मोठ्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्या साडीच्या काठाकडे पाहिलं, आणि सुदैवानं काही विचारलं नाही.

मी जवळच एक खोली घेऊन राहिले, शनिवारी घरी जायची. पाचवी ते सातवीला गणित शिकवायचं. फेब्रुवारी लागला आणि माझ्या वर्गातल्या मुली एकेक करून दिसेनाशा झाल्या. मोठ्या बाई म्हणाल्या, "डांगरवाडीच्या पोरी आहेत त्या. दरसालचंच आहे. आता पावसाळा लागल्यावर येतील, आल्या तर." पावसाळ्यात मासे धरणारी ती घरं, पाणी ओसरलं की बिऱ्हाड घेऊन पात्रातच राहायला जायची. रेतीवर पळाटीची, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांची, खोपी बांधायची, वेलांना राखायचं, पाणी घालायचं. लेकीबाळीही त्याच कामात.

मला ते सहन होईना. एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी पुन्हा नदीत उतरले, या वेळी जाणूनबुजून. मावशीच्या खोपीपुढे चार-पाच मुली घागरी ठेवून बसल्या होत्या. मी एक काडी घेतली आणि ओल्या रेतीवर बेरीज मांडली. त्या दिवसापासून मी रोज जाऊ लागले.

काय सांगू त्या वाडीचं! दुपारी जिच्यावर पाऊल ठेववत नाही अशी ती रेती, पण हातभर खणलं की आत गार आणि ओली. मी पुन्हा पुन्हा हात घालून पाहायची, लहान मुलीसारखी. आज दोन पानं असलेला वेल आठवड्यात हातभर लांब व्हायचा. वाऱ्यानं रेती उडून त्याच्यावर पडायची, तर तो बाजूनं वाट काढायचा. पिवळी फुलं यायची, आणि एक दिवस त्या फुलामागे बोराएवढी हिरवी गाठ दिसायची. मावशी तिच्याखाली हळूच गवत सारायची, रेतीनं भाजू नये म्हणून. पुढे पुढे तर मी पात्रात उतरले की वासावरूनच कळायचं, कुठल्या खोपीजवळ फळ पिकलं आहे ते. त्या उजाड भट्टीत एवढा गोड वास येतो कुठून? मी सायन्सची पदवीधर, मला उत्तर माहीत होतं. तरी रोज मला तो चमत्कारच वाटायचा आणि अजूनही वाटतो.

मार्चमधल्या एका संध्याकाळी एका मुलीनं विचारलं, "बाई, एकाले सातानं भाग जाते का?" वर्गात आम्ही शिकवतो की लहान आकड्याला मोठ्यानं भाग जात नाही. मी म्हटलं, "जातो. करून बघ." दशांश कसा द्यायचा ते दाखवलं आणि काडी तिच्या हातात दिली. ती पाण्याच्या कडेकडेनं मागे सरकत भागाकार करत निघाली. एक आला, चार आला, दोन आला. बाकी उरतच होती, भागाकार संपतच नव्हता. आठ, पाच, सात. बाकीच्या मुली तिच्या मागोमाग चालल्या. मग पुन्हा एक आला. मग चार. मग दोन. ती थबकली, मागे वळून पाहिलं, आणि किंचाळलीच. "बाई! हे तं फिरून आलं!"

सगळ्या धावत मागे गेल्या, आकडे ताडून पाहिले, पुन्हा धावत पुढे आल्या. खरंच तेच येईल का? आलं. पुन्हा तेच आलं. त्या नाचायला लागल्या. मी हे पुस्तकात वाचलेलं होतं, दोन ओळींत. पण कधी येताना पाहिलं नव्हतं.  नदीच्या काठानं लांबच लांब गेलेला तो भागाकार, त्याच्या दोन्ही बाजूंना ओल्या पायांचे ठसे, आणि सूर्य पलीकडच्या गावाच्या चिंचांमागे गेलेला. मी तिथेच रेतीत बसले. मला कॉलेजात शिकवायचं नव्हतं. मला हे करायचं होतं. इतकं लख्ख मला आयुष्यात कधी काही कळलं नव्हतं.

एप्रिलमध्ये रजेवरच्या बाईंनी कळवलं की त्या परत येणार नाहीत. मोठ्या बाईंनी मला विचारलं, कायम राहता का. मी रविवारी घरी जाऊन बाबांना सांगितलं.

"आन् परीक्षा?"

"नाही देणार."

ते जेवत होते. घास ताटात ठेवला. "मी तुले सिद्धा रस्ता करून देल्ला," ते म्हणाले. "तुले आडवाटच पाह्यजे? तेही तिकडंचीच?"

"आडवाट नाही ती, बाबा. मला तिथे…"

"बोलू नको."

आणि मग तेच बोलेनासे झाले. पुढचे दोन-तीन शनिवार मी घरी गेले तरी एक शब्द नाही. मीही त्यांचीच लेक, मीही तोंड उघडलं नाही. आई मधल्या मध्ये टपालखातं झाली. बाबा म्हणायचे, "तिले सांग, कंदील इकडे ठेव." मी म्हणायची, "त्यांना सांग, ठेवला." वरून मी ताठ होते, पण आतून पार मोडले होते. बाबांनी पुन्हा बोलावं म्हणून परीक्षेला बसले असते, तर ती नदी मला जन्मभर टोचत राहिली असती. आणि खाप्याला राहिले असते, तर बाबांच्या अबोल्यासकट. तसली नोकरी मला एक दिवसही गोड लागली नसती. मला दोन्ही हवं होतं, आणि दोन्ही मिळण्याची काही सोय दिसत नव्हती.

एप्रिल संपता संपता, सकाळची शाळा आटोपून मी वाडीत मुलींबरोबर बसले होते. चढावरून एक माणूस छत्री घेऊन उतरताना दिसला. पांढरा सदरा, पॉलिश केलेले बूट, रेतीत पाय रुतवत, पण चाल अगदी सरळ. मी उठून उभी राहिले. बाबा होते.

मावशीनं मात्र वाट पाहिली नाही. "या जी भाऊ, सावलीत बसा," म्हणत तिनं लोटाभर पाणी दिलं आणि एक डांगर कापून पुढे ठेवलं. बाबा पाणी प्यायले. फाक हातात घेऊन खाल्ली. माझ्याकडे पाहिलं नाही. ते पलीकडच्या काठाकडे पाहत होते. मुली एकमेकींना कोपरखळ्या मारत गप्प झाल्या.

"ते गाव दिसते का तुले?" बाबा म्हणाले.

इतक्या दिवसांत ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले होते. मी रोज तिकडे पाहत होते, चिंचा, कौलं, देवळाचा कळस. "दिसतं," मी म्हटलं.

"ते आपलं गाव होय."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. आमच्या घरात गावाची गोष्ट कधी निघत नसे. आम्हाला गावच नाही असं मी धरून चालले होते.

"तुह्या आजाले त्या गावातून जाता येत नव्हतं," बाबा म्हणाले. आवाज नकाशा समजावताना असतो तसाच, सपाट. "नदीवर याचं असन तं मांगून, बांधाबांधानं, अख्ख्या गावाले वळसा घालून. मी त्याच्या मांगं. लहान होतो. पायात कायी नाही, ढेकळं तापलेली. मी त्याले विचारो, बा, रस्ता तं समोर हाये, आपन सिद्धे काहून नाही जात? तो बोलेच ना." ते थांबले. "मंग तो मले घेऊन नागपूरले आला, गिरणीत लागला. मी रस्ते आखाची नोकरी धरली. अन् तू म्हणते, मले वळसाच पाह्यजे."

 इतकी वर्षं ज्या सरळ रेघांना आम्ही हसत होतो, त्या ते कशासाठी ओढत होते ते मला त्या क्षणी कळलं. पण खोटं बोलणं मला जमलं नसतं.

"बाबा," मी म्हटलं, "आजोबांना वळायला लावलं होतं. मला कुणी लावलं नाही. मी आपणहून वळले."

 बाबांनी फाकेचं साल मावशीनं दाखवलं तिथे टाकलं, हात धुतले. मग उठले आणि बूट काढायला लागले. विजारीचे पाय वर दुमडले.

"चाल," ते म्हणाले.

"कुठे?"

"तिकडे."

आम्ही धार ओलांडली. पाणी गुडघ्याखालीच होतं. पलीकडच्या काठावर बाबा एका दगडावर बसले. रुमालानं पाय पुसले, बोटाबोटांमधली रेती काढली, मोजे घातले, बूट घातले, नाड्या नीट बांधल्या. बुटांवरची धूळही पुसली. इतकं सावकाश त्यांना काही करताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी उन्हात उभी राहून पाहत होते.

घाटावरून रस्ता गावात शिरत होता आणि मधून आरपार जात होता. देऊळ, विहीर, ओट्यांची घरं, एक किराण्याचं दुकान. बाबा रस्त्याच्या मधोमध चालायला लागले. कडेनं नाही, मधोमध. मी त्यांच्या शेजारी. बुटांचा आवाज मला अजून ऐकू येतो. एका ओट्यावर एक म्हातारा सुपारी कातरत बसला होता. त्यानं मान वर केली.

"कोन्या गावचे जी तुमी?"

बाबा थांबले. "याच गावचा," ते म्हणाले.

म्हाताऱ्याचा अडकित्ता थांबला. "कोनाचे?"

बाबांनी आजोबांचं नाव सांगितलं. पूर्ण नाव, मोठ्यानं, स्पष्ट, शाळेत हजेरी देतात तसं. म्हातारा पाहत राहिला. त्याला आठवलं की नाही, आठवून काय वाटलं, ते मला कळलं नाही. बाबा त्याच्या उत्तरासाठी थांबले नाहीत. पुढे निघाले.

देऊळ गेलं, विहीर गेली, दुकान गेलं, आणि शेवटची दोन घरं संपून शेतं लागली. बाबा मागे वळून बघायला लागले. तिथून सगळा रस्ता दिसत होता, पार नदीपर्यंत.

"एवढंसंच होतं वं गाव," ते म्हणाले.

त्यांचा आवाज फाटला. मी त्यांचा हात धरला. लहानपणानंतर पहिल्यांदाच धरला असेन. ते रडत होते आणि मीही, भर दुपारी, रस्त्यात उभं राहून, आणि आम्हा दोघांनाही त्याची लाज वाटली नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे पुसले. "उद्या शाळा किती वाजता?"

"सातला."

"मंग चाल. उशीर नको करू."

आणि आम्ही परत फिरलो, त्याच रस्त्यानं, गावाच्या मधूनच.